आत्याबाईंच्या खोलीतला उजेड

शशिकलाबाई दुपारी भांडंसुद्धा वाजू देत नसत. सासूबाई, राजाबाई, जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण हाताची सवय गेली नव्हती.

देवासच्या त्या घराला दोन्ही अंगांनी शेजाऱ्यांच्या भिंती. मधल्या खोलीला खिडकीच नाही. राजाबाईंनी अखेरची वर्षं तिथेच काढली. त्यांच्या डोळ्यांना उजेड सोसत नसे. जेवणं झाली की आतून हाक यायची, "शशिकला, दार लोट गं." "हो आत्याबाई," म्हणत शशिकलाबाई दार लोटायच्या. सासूला आत्याबाई म्हणायची त्यांच्या घराण्यात जुनी रीत होती. रागानं दार आपटलंय असं कधी झालं नाही. पाहुणे असोत, अंगात ताप असो, दार हलकेच लोटलं जायचं.

आता शशिकलाबाई घरात एकट्या. होळीनंतर मधल्या खोलीत पाटाला अडखळून पडल्या आणि मनगट सुजलं. मुलगा मनन इंदूरहून धावत आला.

"आई, एक तर या खोलीत उजेड कर, नाहीतर सामान बांध आणि माझ्याकडे चल."

"दिवा आहे की रे."

"दिवसा तू तो लावतेस कधी? बिल वाचवतेस!"

इंदूरला पाहुणी म्हणून जाणं वेगळं. स्वतःचा ओटा, स्वतःच्या दाराची कडी सोडून कायमचं जाणं बाईंना नको होतं. त्या उजेडाला तयार झाल्या.

अमन नावाचा कारागीर आला. त्यानं छताला गोल भोक पाडलं, आतून आरशासारखी चकचकणारी नळी बसवली. वर गच्चीवर पारदर्शक घुमट, खाली दुधी काच.

"अमन भिया, पावसात टपकेल ना हे नळकांडं?"

"टपका तो बुला लेना आँटी, छाता लेके खड़ा रहूँगा."

ऊन खाली उतरलं. खाटेजवळच्या भिंतीवर राजाबाईंच्या केसांच्या तेलाचा काळपट डाग बाईंना पहिल्यांदाच स्वच्छ दिसला.

दोन दिवस बरे गेले. मग एका दुपारी, जेवण झाल्यावर, उजेड कमी होऊ लागला. ढग आल्यासारखा नव्हे, तर एका कडेनं, कुणी हळूच तळवा ठेवावा तसा. खोली काळोखली. अंगणात मात्र ऊन रणरणत होतं. चहाच्या वेळी उजेड परत आला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

मननला सांगितलं असतं तर त्यानं त्याच संध्याकाळी बॅगा भरल्या असत्या. आई एकटी राहून भ्रमिष्ट झाली, असंच तो म्हणाला असता. बाईंनी अमनला बोलावलं. जेवणानंतर तो गच्चीवर, त्या खाली.

"काय दिसतंय रे?"

"कुछ नहीं आँटी! चकाचक धूप है, काँच इतना गरम कि हाथ नहीं लग रहा!"

खाली बाईंना स्वतःची बोटं दिसत नव्हती.

अमन खाली आला, उंबऱ्याशी थबकला. आत पाहिलं, वर पाहिलं. पाय आत टाकला नाही.

बाई त्या अंधारात उभ्या होत्या, आणि त्यांना वाटलं, भीती वाटायला हवी होती, पण इथं तर ओशाळल्यासारखं होतंय. ऐन दुपारी, न विचारता, आपण म्हातारीच्या डोळ्यांवर ऊन सोडलं होतं.

"याला आतून झाकण बसतं का?"

"बसता है. डोरीवाला."

"मग उद्याच बसव."

दुसऱ्या दिवशी अमननं झाकण बसवलं आणि चहालाही थांबला नाही.

त्या दिवशी जेवण होताच बाईंनी आपणहून दोरी ओढली. खाटेकडे तोंड करून म्हणाल्या, "आत्याबाई, झाकलंय हो. दुपार तुमची. बाकी दिवसभर मला उजेड लागेल, नाहीतर मला इथून नेतील." त्यानंतर उजेडावर पुन्हा तळवा पडला नाही.

रविवारी मनन आला. लख्ख खोली पाहून खूश झाला. जेवणानंतर आईनं दोरी ओढली तशी म्हणाला, "एवढा खर्च करून झाकतेस?"

"झोपेला बरं पडतं."

"बरं बाई. इंदूर कॅन्सल. खूश?"

बाई हसल्या.

चहाच्या वेळी त्या स्वयंपाकघरात होत्या. एका हातात पातेलं, दुसऱ्यात गाळणी. पुढच्या खोलीतून मननचा आवाज आला, "आई, मधल्या खोलीत एकदम उजेड झाला. दोरी तू सोडलीस?"

"हो रे, मीच," बाई म्हणाल्या, आणि चहा गाळत राहिल्या.