नावाने मारलेली हाक

कोपर स्टेशनजवळच्या आमच्या फ्लॅटला भिंती नावापुरत्या होत्या. मी स्वयंपाकघरातून "अहो" अशी हाक मारली की आमचे हे ओ द्यायच्या आधी शेजारचे काका "ओ" म्हणायचे. मग त्यांची बायको त्यांना झापायची, "तुम्हाला नाही, तिने तिच्या ह्यांना मारली!" सगळ्या मजल्यावर आम्ही बायका 'अहो'वाल्या. कोणाचा अहो कोणता, हे नवऱ्यांनी आवाजावरून ओळखायचं.

मुलगा परदेशी गेला, हे रिटायर झाले, आणि तो फ्लॅट विकून आम्ही ठाण्याला वर्तकनगरच्या मागे उतारावरचं रो-हाउस घेतलं. उतारामुळे खाली तळघर मिळालं. मला वाटलं, लोणच्याच्या बरण्या ठेवू. ह्यांनी होम थिएटर करायला घेतलं. जन्मभर आवाज बारीक ठेवून पिक्चर बघितलेला माणूस, त्याला आता तो मनसोक्त मोठ्याने बघायचा होता. त्यात वावगं काय? शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खोली साउंडप्रूफ करायचं ठरलं. हे शेजारी कोण, ते मला अजून माहीत नाही. त्यांची दारं कायम बंद असतात.

भिंतींवर चौकटी ठोकल्या, त्यात आवाज शोषणारा काचेचा कापूस भरला, वर बोर्ड, बोर्डावर जाड कापड. तो कापूस झाडून झाडून माझे हात खाजून लाल झाले. शेवटी दार आलं, तिजोरीचं असतं तसं जड, कडेने रबराची पट्टी लावलेलं.

दार बसवल्यावर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "काकू, आता टेस्टिंग. मी आणि काका आत बसतो. तुम्ही किचनमधून काकांना हाक मारा, एकदम जोरात. आणि नावाने मारा हां. अहो काय, कोणालाही म्हणतात."

ह्यांचं नाव मी घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही मान खाली घालून, चार बायकांनी दंडाला चिमटे काढल्यावर. खाली दार धप्पकन लागलं. मी आधी "अहो" म्हणून पाहिलं. मग ओट्याला धरून, पोटातून, ह्यांच्या नावाने हाक मारली. माझाच आवाज ऐकून मला लाज वाटली आणि, खरं सांगते, मजाही वाटली. मी कान देऊन उभी राहिले. ह्यांनी ओ द्यावी असं मला फार वाटत होतं.

कॉन्ट्रॅक्टर धावत वर आला. "मारली का हाक?"

"मारली."

"बघा काका, झिरो! काहीच आलं नाही आत."

मागून हे आले, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे हसत. "खरंच काही ऐकू नाही आलं गं!" मी दोघांना पेढे दिले.

खाली फोनला रेंज येत नाही, म्हणून ओट्याजवळ एक बटण बसवलं. मी ते दाबलं की खाली लाल दिवा लागतो आणि हे चहाला वर येतात. चहा पितात, कप विसळतात, परत खाली. मला एकटं वाटतं, असं मी एकदा सरळ सांगितलं. "मग ये की खाली," ते म्हणाले. मी गेले. मी काही बोलायला लागले की ते पिक्चर थांबवायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "हं, बोल." असं कोणी "बोल" म्हटल्यावर काय बोलणार, डोंबल? आमचं सगळं बोलणं भाजी चिरताना, या खोलीतून त्या खोलीत, अर्धं भांडत झालेलं. मी वर निघून आले.

मग मला एक सवय लागली. दुपारचा चहा उकळला की बटण दाबायच्या आधी मी ह्यांना नावाने हाक मारायची. कधी रागाने, कधी लाडाने, कधी नुसतीच. ऐकणारं कोणी नव्हतं, म्हणून जमत होतं.

गेल्या आठवड्यात पिक्चर रटाळ निघाला म्हणून हे मधेच वर येऊन हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते. मला पत्ता नव्हता. मी आलं किसून टाकलं आणि खणखणीत हाक मारली.

हॉलमध्ये पेपर सळसळला. चपला वाजल्या. मग पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. मी पदराला हात पुसत बाहेर आले, तर हे उंबऱ्यात उभे राहून रिकाम्या रस्त्याकडे बघत होते.

"कोण आलंय गं? कोणीतरी मला नावाने हाक मारली."

सासूबाई गेल्यापासून ह्यांना घरात नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. 'मीच' म्हणायला मी तोंड उघडलं.

"कोणी नाही," मी म्हटलं. "चहा झालाय."

"नाही गं, बाईचा आवाज होता. ओळखीचा वाटला," ते म्हणाले, आणि चपला सरकवत फाटकापर्यंत बघायला गेले.