आधी लेकरायला इचारा

उभ्या आष्टी तालुक्यात स्वतःच्या अधिकारावर एकही निर्णय न घेतलेलं वडीलधारं माणूस एकच, आणि ते म्हणजे माझी मावशी. तिला काहीही विचारा, ती उत्तर देत नाही. इकडेतिकडे बघते, विशीच्या आतलं कुणी दिसलं की त्याला हाक मारते आणि म्हणते, "आधी लेकरायला इचारा." शेळी विकायची की ठेवायची इथपासून पाहुण्याला पिठलं करावं की आमटी इथपर्यंत सगळं ती पोरांपुढे ठेवते. पोरांचं ठरेपर्यंत पाहुणा उपाशी बसतो. मी बसलेलो आहे.

मावशी गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. चूल पेटली की ती पोरांना ओळीत उभं करून हात वर करायला लावी, आज तिखट किती. एकदा निम्मे हात इकडे, निम्मे तिकडे झाले. मुख्याध्यापक घड्याळ बघून वैतागले आणि स्वतःच काहीतरी ठरवू लागले. मावशीने त्यांना शांतपणे सांगितलं की तुम्ही जेवायला घरी जाता, तुमचं मत धरता येत नाही. त्या दिवशी दोन पातेल्यांत दोन खिचड्या शिजल्या आणि शाळा उशिरा सुटली. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हा तर तिने कहर केला. दोन्हीकडचे वडीलधारे तारखेपर्यंत आले होते. मावशी उठली, आत गेली आणि मुलीला म्हणाली, "तुला ह्यो पोरगा पसंत हाय का? न्हाई म्हणलीस तरी आमी चहा पिऊन सुखानं जाऊ." मुलीने विचाराला आठ दिवस मागितले. ते आठ दिवस वडील माझ्याशी बोलले नाहीत आणि मला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी होकार आला. आजही घरात माझं काही चुकलं की बायको त्या आठ दिवसांची आठवण काढते.

पण मावशीला खरी खंत होती ती ग्रामसभेची. तिथे म्हातारे सतरंजीवर बसत, पोरं बाहेर ओट्यावर उभी राहत आणि दहा मिनिटांत वहीवर सह्या होऊन सभा उठे. पोरांना बोलायचं असे, पण चार माणसांत तोंड उघडलं की आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नसे. यावर मावशीने काढलेला उपाय मी डोळ्यांनी पाहिला आहे. ती पाझर तलावाच्या एका काठाला बसायची, पोरांना दुसऱ्या काठाला उभं करायची आणि तिथून एकेकाला गावाची अडचण सांगायला लावायची. ऐकू आलं नाही की हात हलवायची, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मेंढ्या चारणारे लोक थांबून बघत. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, ही पोरं पाण्याशी काहून भांडतेत?

त्या पोरांत कोमल नावाची ऊसतोडीच्या घरची मुलगी होती. दसरा झाला की गावात ट्रक येत, निम्मी घरं कुलूपबंद होत आणि वर्गातली निम्मी बाकं रिकामी पडत. आईबाप कारखान्याला गेल्यावर लेकरांना सांभाळायला मागे कुणी नसे. गावातच हंगामी वसतिगृह उघडता येतं हे त्या पोरांनी तालुक्याला जाऊन विचारून आणलं. त्यासाठी गावाचा ठराव हवा होता. कोमलला तेव्हा नुकतीच अठरा वर्षं पुरी झाली होती. तिची धाकटी बहीण आरती सहावीत होती, आणि दर वर्षीसारखं त्या वर्षीही तिला न्यायचं घरात ठरलं होतं.

सभेच्या दिवशी पोरं पहिल्यांदाच सतरंजीवर, अगदी पुढे येऊन बसली. मी मावशीशेजारी होतो. कोमल उभी राहिली आणि तिचा आवाजच फुटेना. सरपंच समजूतदार माणूस, पण घाईत होते. ते मावशीला म्हणाले की काकू, पोरीचं काय म्हणणं आहे ते तुम्हीच थोडक्यात सांगा.

मावशी म्हणाली, "मला इचारू नका. जिचं दप्तर कोयत्यासंगं बांधलं गेलं, तिलाच इचारा."

कोमल पाणी प्यायली आणि थेट पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"मी तिसरीत तीनदा बसले. तीन गावाला, उसाच्या तीन फडात. शाळा कदी पुरी झालीच न्हाई. आरती यंदा ट्रकात बसणार न्हाई. तिला हितं ठिवायची सोय करा."

मागे तिचा बाप बसला होता. त्याने मान खाली घातली. मग एकेक करत बाकीची पोरं उठली, आणि प्रत्येकाने आपापल्या घरचं लेकरू नावानिशी सांगितलं. कुणीतरी पुढच्या सभेत बघू म्हणालं, तेव्हा एका पोराने लिहून आणलेला ठराव ग्रामसेवकांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले की यात मला काही दुरुस्तच करायचं नाही. हात वर झाले. पहिला हात कोमलच्या बापाचा होता.

त्या वर्षी ट्रक गेले, आणि शाळेच्या फाटकातून लेकरांनी आईबापांना हात केले. आरती त्यांच्यात होती. यंदा ती बारावीला आहे. कोमल निवडून आली, पंचायतीत बसते. गावची पोरं आता सभेत इतकी बोलतात की म्हाताऱ्यांना नंबर लावावा लागतो.

परवा गेलो होतो तेव्हा मावशी मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. आता ती फार हळू चालते. सगळं कसं छान झालं यावर आम्ही बोलत होतो, आणि मी सहज विचारलं, "मावशी, तुला स्वतःला काय पाहिजे होतं गं?"

ती थांबली. "मला?" म्हणाली. मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"माझं लगीन ठरलेलं मला हळद लागताना कळलं बघ," ती म्हणाली. "मला कुणी कदी इचारलंच न्हाई. थांब, इचार करून सांगते."

एसटी आली. मी खिडकीतून वाकून पाहिलं. मावशी रस्त्याकडेच्या दगडावर टेकली होती आणि खरोखरच विचार करत होती.