कॉव्हेंट्रीच्या भिंतीवरची वंशावळ

साताऱ्याहून निघताना बाबांनी एकच गोष्ट बजावली होती, "दादाला घेऊनच ये." बाबा त्र्याण्णव वर्षांचे. दादाने इंग्रज मुलीशी लग्न केलं तेव्हा ते त्याला नको नको ते बोलले, आणि त्यानंतर बाप-लेकांचं बोलणंच तुटलं. वहिनी गेल्यावरही ते तसंच राहिलं.

लंडनपासून कॉव्हेंट्रीपर्यंत खिडकीबाहेर ओलं गवत आणि ढिम्म उभ्या मेंढ्या. दादाशी काय बोलायचं याची उजळणी करण्याच्या नादात मी अलीकडच्याच स्टेशनवर उतरले आणि पाऊण तास कुडकुडत बसले.

जेवण दादाच्या मुलीकडे, मीराकडे होतं. आमची ती पहिलीच भेट. तिच्या सासूबाई इटालियन, आणि पूर्वज शोधण्याचं त्यांना भारी वेड. लसणाने घमघमणारा पास्ता वाढता वाढता त्या भिंतीवरची वंशावळ दाखवू लागल्या. नोन्नो (आजोबा), बिझ्नोन्नो (पणजोबा), कोन्याता (नणंद, भावजय, मेव्हणी, सगळ्या एकातच!). सुनेचं माहेरही त्यांनी कौतुकाने आपल्याच पद्धतीने मांडलं होतं. दादाच्या नावापुढे बाबांचं नाव लिहिलं होतं, ‘फू वासुदेव’.

"हे ‘फू’ काय गं?" मी मीराला विचारलं.

"जुन्या इटालियन रेकॉर्ड्समध्ये असतं, आत्या. फादर अलाइव्ह असला तर ‘दी’, नाहीतर ‘फू’. डॅडने सांगितला, आजोबा माझ्या बर्थच्या आधीच गेली."

मी काटा खाली ठेवला. समोर दादा खाली मान घालून पाव मोडत होता.

स्वयंपाकघरात मी त्याला गाठलं. "दादा, बाबा तुझी वाट बघतायत रे. चल ना!"

"आलो तर मीराला काय सांगू? शी विल नेव्हर फर्गिव्ह मी. तू काही बोलू नकोस, प्लीज."

मी बोलले नाही. आजही स्वतःची चीड येते. निघताना मीरा गळ्यात पडून म्हणाली, "आत्या, आजोबा कसा होता?"

"फार हट्टी होते," मी म्हणाले. होते! जिवंत बापाला मीसुद्धा मारून मोकळी झाले.

एवढा लांबचा प्रवास करून मी काय आणलं? चॉकलेटं, आणि कुणालाच सांगता येणार नाही अशी एक गोष्ट. दादा येत नाही हे फोनवर सांगायचाही धीर झाला नाही.

घरापाशी रिक्षा थांबली. बाबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दारात खुर्ची टाकून बसले होते. मी उतरले. माझ्या खांद्यावरून ते रिक्षाकडेच बघत राहिले.

"सामान काढतोय का तो?" त्यांनी विचारलं.