काकांचे नंबर जुळेनात

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची ओळ संपली तरी काकांचं बोट थांबत नसे. पुढच्या कोऱ्या जागेवरून ते फिरवत काका म्हणायचे, "दिसत नाही म्हणजे नाही, असं थोडंच हाय?" तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेलच.

सरकारी खात्यात टंकलेखनात जन्म घालवून निवृत्तीनंतर ते शहराच्या दुसऱ्या भागातल्या नल्लकुंट्याहून रोज बसने आमच्या कुकटपल्लीच्या नव्या कंपनीत यायचे. बाजार नुकता खुला झाला होता, गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या पाट्या लागत होत्या. पंचवीस वर्षांत एक अक्षर चुकलं नाही, हे ते नव्या माणसाला स्वतःच्या नावाआधी सांगत. आम्ही मागे हसायचो, पण ते खरं होतं.

एकदा एका कॉलेजची प्रवेशयादी करायची होती. अर्जदारांचे नंबर काकांनी डॉसच्या मशीनवर टाइप केले. माझी शेल स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्राम, ते नंबर दुसऱ्या, युनिक्सच्या मशीनवरच्या पास झालेल्यांच्या यादीशी जुळवणार होती. यादी दुपारी चारला कॉलेजच्या फाटकावर हवी होती आणि माझी नोकरी अजून कच्ची होती. स्क्रिप्ट चालली. तीनशे अर्जदारांतला एकच पास निघाला, तोही सगळ्यात शेवटचा.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी पटकन म्हणालो, "टायपिंगमध्ये गडबड असेल."

काकांनी ऐकलं आणि ते शेजारी येऊन बसले. टाइपरायटरवर ओळ संपली की गाडा मागे ढकलायचा आणि कागद वर सरकवायचा, अशी दोन कामं. डॉस ओळीच्या शेवटी दोन्हींची खूण ठेवतं, युनिक्स एकाचीच, असं त्यांनी समजावलं. ती जास्तीची न दिसणारी खूण प्रत्येक नंबराला चिकटली होती. शेवटच्या नंबरानंतर एंटर दाबलेलं नव्हतं, म्हणून तेवढा सुटला. खूण पुसून मगच नंबर जुळवायचे, हे माझं काम होतं. मी ती पुसली आणि यादी वेळेवर लागली.

"हौ साहेब, माझ्याच फायलीत कचरा होता," काकांनी साहेबांना सांगितलं. मी गप्प बसलो. त्याची मला अजून लाज वाटते. महिन्याभरात माझी नोकरी पक्की झाली, आणि काका नव्या माणसांना नुसतं नाव सांगू लागले.

वर्षाने ते मुलीकडे लातूरला निघाले. निरोपाच्या चहाला साहेबांनी त्या चुकीची थट्टा केली. सगळे हसले, काकाही हसले. मला ते बघवेना. उभं राहून मी सगळ्यांसमोर सांगितलं, की फाइल चोख होती, चूक माझीच होती.

साहेबांनी उठून काकांना हात जोडले. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"वर्ष लावलंस की रे," ते मला म्हणाले, आणि माझ्या बशीतला समोसा उचलून खाऊ लागले.