लॅक्सन मुंथालीची यादी

तिवोंगे गोंद्वे पहिल्यांदा लॅक्सन मुंथालीच्या खोलीत शिरली, तेव्हा म्झुझू शहरातल्या यच्चयावत कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या, डोंगरावरचं धुकं चार हात मागे सरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाने साडेनऊला बाराचे ठोके दिले. निदान लॅक्सन तरी असंच सांगतो. इतरांच्या आठवणीप्रमाणे एक ठेंगणी बाई दार लोटून आत आली, "मुंथाली, वायफाय पाहिजे," म्हणाली आणि खुर्चीवरची त्याची टोपी उचलून स्वतः त्या खुर्चीत बसली.

घाव वर्मी बसला. त्या खुर्चीत आजवर लॅक्सनखेरीज कोणी बसलं नव्हतं. माणसं लॅक्सनसमोर उभी राहत, तीही किंचित वाकून. शिक्षक प्रशिक्षण कॉलेजचं वायफाय फक्त यादीतल्या यंत्रांनाच आत घेई, आणि यादी लॅक्सनच्या ताब्यात. प्रत्येक कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डात कारखान्यातच बारा अक्षरांचा एक पत्ता कोरलेला असतो. तो मॅक ॲड्रेस लॅक्सन निळ्या वहीत उतरवून घेई, मग राउटरला सांगे, मग दार उघडे.

"पहिली सहा अक्षरं म्हणजे कुळाचं नाव," तो समजावी. "कारखान्याचं. पुढची सहा पोराचं स्वतःचं. मी मुंथाली जन्मलो, मुंथालीच मरणार. यंत्राचंही तेच!"

एवढं ऐकण्यासाठी भलेभले प्राध्यापक शेंगदाणे, केळी आणि गरमागरम मंदासीचे तळलेले गोळे घेऊन येत. लॅक्सन नको नको म्हणत सगळं खाई.

तिवोंगे गणित शिकवायला आली होती. तिची आई मुंथाली कुळातली, म्हणून लॅक्सन तिचा मामेभाऊ लागायचा. पूर्वी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं, म्हणून नातं थोडंच चुकतं? आणि त्या मुलखात आते-मामेभावंडांनी एकमेकांची चारचौघांत यथेच्छ टर उडवावी असा रिवाजच आहे. जो चिडेल त्याची अब्रू गेली.

"यादी भरली आहे, न्यागोंद्वे," लॅक्सन उभ्याउभ्याच म्हणाला. तिकडे बाईला हाक मारताना कुळाच्या नावाआधी मानाने 'न्या' लावतात. "प्राचार्यांची सही आणा. पुढच्या महिन्यात बघू."

"इतका विचार करून तुझ्या बायकोनं हो म्हटलं असतं ना मामेभाऊ, तर आज ती सुखात असती."

लॅक्सन हसला. हसणं भागच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्टाफरूममध्ये न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सुकी मासळी खायला बसला, तर समोर तिवोंगेच्या नव्या लॅपटॉपवर इंटरनेट धो धो वाहत होतं. मासळीचा काटा घशात अडकला.

"हे... हे कसं?"

"कुमवेंडा सरांचा कोट घालून आले," ती म्हणाली. निवृत्त झालेल्या कुमवेंडा सरांचा बंद पडलेला लॅपटॉप गणिताच्या कपाटात धूळ खात होता, पण यादीत मात्र जिवंत होता. तिने त्याच्या पोटावरच्या चिठ्ठीतला पत्ता वाचला, आपल्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये गेली आणि तिथल्या रिकाम्या चौकटीत तो लिहून टाकला. "दारावरचा माणूस कोटच बघतो रे. तोंड कोण बघतंय?"

"पण पत्ता कोरलेला असतो!"

"कोरलेला तसाच राहतो. यंत्र बाहेर फक्त दुसरं नाव सांगतं. चौकट पुसली की पुन्हा आपल्या आईबापाचं."

त्या दिवसापासून ही युक्ती शिकायला येणाऱ्यांच्या मंदासीच्या पुड्या गणिताच्या टेबलाकडे वळल्या. लॅक्सन दारातून त्या मोजू लागला. तिवोंगे हसली की त्याच्या पोटात दुखे, तिच्याकडे कोणी शंका विचारायला गेलं की छातीत. ती शिंकली तेव्हा तीन जणांनी विचारपूस केली. त्याला गेल्या वर्षी मलेरिया झाला, तेव्हा एकच जण आला होता, आणि तोही पासवर्ड विचारायला. शिवाय सत्र संपताना प्राचार्या चावुला बाई कॉम्प्युटर विभागाचा कायमचा प्रमुख नेमणार होत्या. लॅक्सन त्या जागेवर नऊ वर्षं 'तात्पुरता' होता. आता बाई येता-जाता तिवोंगेला विचारत, "न्यागोंद्वे, तुम्हाला प्रशासनात रस आहे का हो?"

मग लॅक्सनने ठरवलं की ही युक्ती कॉलेजला किती घातक आहे ते प्राचार्यांपुढे सिद्ध करायचं. दार लावून तो तीन दिवस तीच विद्या शिकला आणि गुरुवारी सकाळी त्याने तिवोंगे वापरत होती तोच पत्ता आपल्या कॉम्प्युटरला चढवला. आता बाईंना बोलवायचं आणि म्हणायचं, "बघा, हिच्या वाटेने कोणीही कोणीही होऊ शकतं!" पण आधी दोन मिनिटं तो नुसता बसून राहिला. तिच्या नावाने आत शिरल्यावर त्याला विलक्षण गार वाटत होतं.

नेमक्या त्याच वेळी प्राचार्या तिवोंगेच्या लॅपटॉपवरून मंत्रालयातल्या साहेबांशी बोलत होत्या. साहेबांचा चेहरा तोंड उघडं असतानाच गोठला. परत हलला, परत गोठला. आरडाओरडा ऐकून लॅक्सन धावत आला.

"नकली पत्ता!" तो जवळजवळ नाचलाच. "मी म्हणत होतो!"

तिवोंगेने कपाळाला आठ्या घातल्या. "काल तर नीट चालत होतं. एकाच नावाची दोन माणसं पंगतीत बसली, तर वाढपी कधी ह्याला वाढणार, कधी त्याला. दुसरं कोणीतरी कुमवेंडा झालंय, बाई."

ती सरळ लॅक्सनच्या खोलीकडे निघाली. मागे प्राचार्या, प्राचार्यांच्या मागे अख्खी स्टाफरूम. सगळ्यांच्या मागून लॅक्सन धावला. पडद्यावर ती बारा अक्षरं ठळक झळकत होती. प्राचार्यांनी चष्मा लावला. मंत्रालयाची बैठक मोडणाऱ्याला नोकरीवरून काढायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं.

तिवोंगेने आधी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग ती कमरेवर हात ठेवून हसत सुटली.

"पाहिलंत बाई? हा माझा मामेभाऊ! चेष्टा करायला दुसरी वेळ नाही मिळाली गाढवाला! अरे, माझं नाव घेतलंस ते घेतलंस, आता माझे आठ तासही तूच घे आणि सत्तर पोरांच्या वह्या तूच तपास!"

सगळे खो खो हसले. भावंडांच्या चेष्टेत तिसऱ्याने पडू नये, हे चावुला बाईंनाही ठाऊक होतं. "पोरकटपणा पुरे," एवढंच त्या म्हणाल्या. लॅक्सनही हसला, कोयनेल चघळल्यासारखा. तिने त्याची नोकरी वाचवली होती. ती चिडली असती, तक्रार केली असती, तर त्याने तिला कधीच माफ केलं असतं. पण हे? हा मोठेपणा? तो पुढे कित्येक आठवडे जळत राहिला.

प्रमुखपद कोणालाच मिळालं नाही. नवे फोन आपणहून वेगवेगळे पत्ते सांगू लागल्यावर यादीचा उपयोग उरला नाही. प्राचार्यांनी ती बंद केली आणि सगळ्यांसाठी एकच पासवर्ड स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिला. लॅक्सन हल्ली प्राध्यापकांना खडू आणि डस्टर वाटतो.