वास गेलेला ओवा

हातावर ओवा चोळला की पारोळ्याची ती दुपार आठवते. घरचे सगळे कापूस वेचायला गेलेले, मी एकटी, आणि दोन महिन्यांची माझी पोर पाय पोटाशी घेऊन रडत होती. सासूबाईंच्या डब्यातला ओवा उकळून दोनदा पाजला तरी थांबेना, निळी पडायला लागली, तशी तिला उचलून मूठभर ओव्यासकट शेजारच्या अक्कांकडे पळाले. अक्कांनी ओवा चोळून हुंगला. “याले वासच नही शे, पोरी. कितला सालना शे हाऊ?” मी लग्न होऊन आले तेव्हापासून तोच होता. त्यांनी आपला ताजा ओवा तव्यावर टाकला, घरभर वास सुटला, पोट शेकल्यावर पोर निजली. संध्याकाळी सासूबाईंना भीतभीतच सांगितलं. त्यांनी तो ओवा चोळला, हुंगला, पुन्हा चोळला आणि खाली बसल्या. त्यांची धाकटी लेक पोटदुखीनंच गेलेली. “मन्ही पोरले बी हाऊच ओवा पाजा व्हता,” त्या म्हणाल्या. “तवय बी वास नही व्हता याले.” मग उठून स्वतःच डबा उकिरड्यावर रिकामा करून आल्या. आता माझी पोर शाळेत जायला लागली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी नवा ओवा आणते, आधी सासूबाईंच्या नाकाशी धरते, त्यांनी मान हलवली की मगच डब्यात भरते.