मागे घेतलेले एक वाक्य

कुसुमताई देवरे यांची आणि माझी पहिली भेट माझ्या दृष्टीने फारशी गौरवाची नव्हती. बँकेच्या बदलीने मी नाशिकहून सुरतेला आलो होतो. ‘गुजरातेतील मराठीचे भवितव्य’ असा एक लांबलचक लेख घेऊन मी ‘शेजार’ या साप्ताहिकाच्या कचेरीत गेलो. कचेरी म्हणजे लिंबायतमध्ये साड्यांच्या घड्या घालणाऱ्या एका दुकानावरची खोली. ताई सकाळी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत आणि दुपारनंतर तिथे बसून अंक काढत. त्यांनी माझा लेख उभ्यानेच चाळला.

“डिंडोलीला गेलात कधी?”

“नाही.”

“गोडादऱ्याला?”

“अजून नाही.”

“मग हे भवितव्य कुणाचं लिहिलंय?”

मला राग आला होता. त्यांनी तो पाहिला आणि मला आपल्या लूनावर मागे बसवून गोडादऱ्याला नेले. भर रस्त्यात एका बाईंच्या मागे लूनावर बसण्याची माझी ती पहिलीच वेळ. खानदेशातून लूमच्या खात्यांवर, म्हणजे कापड विणण्याच्या कारखान्यांत, कामाला आलेली माणसे तिथे दाटीवाटीने राहत होती. ‘शेजार’ त्यांच्यासाठी निघत असे. ताई मूळच्या खानदेशातल्याच, शिरपूरकडच्या, त्यामुळे गल्लीत शिरल्या की त्यांची भाषाच बदलत असे. माझा लेख छापला गेला नाही, मात्र त्या दिवसापासून संध्याकाळी कचेरीत जाऊन प्रुफे तपासण्याचे काम मला मिळाले, ते साप्ताहिक बंद होईपर्यंत.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला ‘त्या प्रकरणा’बद्दल लिहायला सांगितले आहे. ते सांगून सांगून मी थकलो आहे आणि ताई माझ्याहून जास्त थकल्या आहेत. पण ते वगळून त्यांच्याबद्दल लिहिले तर ग्रंथ हाती घेणारा प्रत्येक जण पहिली शोधाशोध तीच करील. म्हणून एकदाच, सगळे, क्रमाने लिहितो.

त्याआधी ताई त्या गल्लीच्या कोण होत्या, ते सांगायला हवे. प्लेगच्या साथीच्या वर्षी शहर घाबरून रिकामे झाले, तेव्हा गोडादऱ्यातली अर्धी वस्ती मिळेल त्या वाहनाने खानदेशात निघून गेली. जाताना कितीतरी घरांनी किल्ल्या ताईंकडे दिल्या. ताई सुरत सोडून गेल्या नाहीत. तोंडाला रुमाल बांधून त्या रोज गल्लीत जात, कुलपे पाहत, तुळशींना पाणी घालत. बापू पाटलांच्या घराची किल्लीही त्यांच्याकडेच होती. बापू म्हणजे लूमच्या खात्यातले जुने मुकादम. गल्लीतले भांडण असो की बारसे, त्यांच्यावाचून काही होत नसे.

पुढच्या श्रावणातली गोष्ट. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, साडी लावून चौरंगावर देवी सजवतात, रात्रभर गाणी म्हणून तिला जागवतात आणि सकाळी वाजतगाजत नदीवर पोचवतात. गोडादऱ्यात त्या वर्षी गल्लीची मिळून एक कानबाई बसली होती. मंगला नावाच्या एका तरुण बाईचा नवरा काही महिन्यांपूर्वी लूमवर विजेचा धक्का बसून गेला होता. (मंगला हे तिचे खरे नाव नाही. हा मजकूर तिला वाचून दाखवूनच मी दिला आहे.) सारवण, दळण, फुलांची आरास, सगळे मंगलाने केले. देवीची ओटी भरायची वेळ आली तेव्हा तिला उठवून बाहेर बसवण्यात आले. ताई तिथे होत्या. त्यांनी ते पाहिले.

त्या आठवड्याच्या ‘शेजार’मध्ये ताईंनी हे लिहिले. साधा लेख होता. काय झाले, कोण काय बोलले, मंगला कुठे बसून राहिली. मात्र शेवटाकडे एक वाक्य होते: ‘नारळाला नथ घालणाऱ्यांना बाईचे उघडे कपाळ दिसत नाही.’

दुसऱ्याच दिवशी डिंडोलीच्या चौकात अंकांची होळी झाली. विक्रेत्यांनी गठ्ठे परत पाठवले. दुपारी तरुण मुलांचा एक घोळका कचेरीच्या जिन्यावर चढून आला. त्यांतली बरीचशी ताईंच्याच शाळेत शिकलेली, पण रागात त्यांना गुजराती सुचत होती. “माफी तो मागवी ज पडशे!” असे ओरडत एकाने टेबलावरची शाईची बाटली उलटी केली. साप्ताहिकाचे मालक नानासाहेब, ज्यांचा कापडाच्या दलालीचा धंदा होता, तेही धापा टाकत आले. त्यांचे म्हणणे एकच: लेख मागे घ्या, माफी छापा, विषय संपवा.

ताई म्हणाल्या, “लेख मागे घेतला तर मंगला खोटी ठरते, नानासाहेब. ती तिथेच राहते.”

आणि तसेच होते. ‘ताईंनी मनाचे लिहिले, असे काही झालेच नाही’ असे मंगलाने सगळ्यांसमोर सांगावे, म्हणून तिच्यावर दबाव सुरू झाला होता. तिची खोली एका नातेवाइकाच्या मालकीची होती.

लूमच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ताई गोडादऱ्याला निघाल्या. मी, नानासाहेब, सगळेच नको म्हणत होतो. मी सोबत गेलो, ते धैर्य म्हणून नव्हे. त्यांना एकटे जाऊ देण्याची लाज वाटली म्हणून. बापूंच्या ओट्यावर ताई बसल्या. गल्ली गोळा झाली. ताईंनी पिशवीतून अंक काढला आणि म्हणाल्या, “ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी वाचते.” बऱ्याच जणांनी वाचला नव्हता.

त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मंगलाची हकीकत चालू होती तोवर दारांतल्या बायका उभ्या राहून ऐकत होत्या. ते वाक्य आले. ताईंनी तेही वाचले. मुले ओरडू लागली. तेवढ्यात बापूंची बायको, जिला सगळे जिजी म्हणत, दारातून पुढे आली. ती ओरडली नाही.

“ताई, मी रातभर तिनापुढे जागस. तू माले येडी समजनी का?”

ताईंना शाळेत, सभेत, पोलीस ठाण्यात उत्तर देताना मी पाहिले आहे. त्या दिवशी त्यांनी आधी अंक मिटून मांडीवर ठेवला. मग त्या म्हणाल्या, “नाही जिजी. ते वाक्य माझं चुकलं. ते मी मागे घेते.”

“आणि बाकीचं?” एका मुलाने विचारले.

ताई बापूंकडे वळल्या. “बापू, मंगलाला उठवलं की नाही, एवढंच सांगा.”

“उठाडं,” बापू म्हणाले. “रीत शे आमनी.”

“मग मी खोटं काय लिहिलं?”

“खोटं नही लिखं, ताई. पन लिखाले नको व्हतं.”

आम्ही परत आलो. वाटेत ताईंनी लूना थांबवली आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मला वाटले, त्यांना बरे वाटत नाही. त्या म्हणाल्या, “वाक्य फार आवडलं होतं हो मला. दोनदा लिहून पाहिलं होतं. मंगलाला त्याचा काही उपयोग नव्हता.”

पुढच्या अंकात पहिल्या पानावर चौकट आली. ‘मागील अंकातील एका वाक्यात देवीची थट्टा झाली. ते वाक्य मी मागे घेते आणि ज्यांचे मन दुखावले त्यांची क्षमा मागते. लेखातील बाकीची हकीकत खरी आहे आणि ती तशीच राहील.’ शेवटची ओळ काढा, म्हणून नानासाहेब छपाई सुरू होईपर्यंत मागे लागले होते. “ती काढायची असेल तर खालचं माझं नावही काढा,” असे ताई म्हणाल्या. ओळ राहिली.

त्याने कोणाचेच समाधान झाले नाही. गल्लीला ती अर्धी माफी वाटली. शहराबाहेरच्या एका संस्थेने ताईंना निर्भीड लेखनाबद्दल मानपत्र द्यायचे ठरवले होते. त्यांचे एक प्राध्यापक कचेरीत आले आणि भाषणात चौकटीचा उल्लेख टाळावा, असे त्यांनी सुचवले; वाक्य मागे घेतल्याने लढ्याची धार जाते म्हणाले. ताईंनी त्यांना चहा दिला. “अर्धीच गोष्ट सांगायची असेल तर तुम्हीच सांगा, सर,” म्हणाल्या. मानपत्र आले नाही. पुढच्या दिवाळीनंतर नानासाहेबांनी संपादक बदलला. ताईंनी तक्रार केली नाही, आणि नव्या संपादकांना अडले की त्या मदतीला येऊन बसत. ‘शेजार’ पुढे बंद पडले, ते मात्र कोणत्याही वादामुळे नाही. गल्लीतली मुले गुजराती वर्तमानपत्रे वाचू लागली होती, एवढेच.

या प्रकरणाने ताई घाबरल्या, असे काही जण म्हणतात. त्यांच्यासाठी एक आठवण. चौकटीनंतर काही आठवड्यांनी एक वकील दुसऱ्या धर्माच्या मिरवणुकीची टिंगल करणारा मजकूर घेऊन आले. “आता तुम्ही आमच्या देवीवर लिहिलंत, तर हेही छापा. स्वातंत्र्य सगळ्यांना सारखं.”

ताईंनी तो वाचला. “मिरवणुकीत कुणाला काही झालं? कुणाला मारलं, अडवलं, हाकललं?”

“तसं नाही, पण...”

“जे झालं ते लिहा, मी उद्या छापते. नुसत्या ‘पण’ला जागा नाही.”

वकील रागावून गेले. दोन्हीकडची माणसे रागावून जाताना पाहणे, हेच त्या काळात आमचे मुख्य काम झाले होते.

मंगलाचे काय झाले, हा प्रश्न मला फार कमी लोकांनी विचारला आहे. पुढच्या वर्षीही गोडादऱ्यात तिला ओटी भरू दिली नाही. तिला खोली सोडावी लागली. ताईंनी सुरतेजवळ कडोदऱ्याला एका ओळखीच्या घरी तिची सोय लावली, धागा गुंडाळायचे काम मिळवून दिले, मुलीचे नाव शाळेत घातले. काही वर्षांनी एका श्रावणात तिने आम्हा दोघांना घरी बोलावले. तिने आपल्या खोलीत कानबाई बसवली होती. नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मूठमूठ घेतात. तिच्या घरात ती आणि मुलगी, दोघीच. तिने एक मूठ स्वतःच्या नावाने घेतली होती, एक मुलीच्या. ओटी तिने स्वतः भरली. मग ताईंना म्हणाली, “ताई, तुमीबी भरा.” ताईंचे यजमान जाऊनही तेव्हा वर्ष झाले होते. ताईंनी पदर डोक्यावर घेतला आणि ओटी भरली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “ताई, यावर लिहायलाच हवं.”

“तिला विचारा.”

मी विचारले. मंगला म्हणाली, “आता नको भाऊ. आता देवीले निवांत बसू द्या.” ताईंनी यावर कधी एक ओळही लिहिली नाही. या ग्रंथाचा विषय निघाल्यावर मी मंगलाला पुन्हा विचारले. नाव बदलून लिहा, म्हणाली, ताईंसाठी म्हणून.

ताई आता निवृत्त झाल्या आहेत. गुडघे दुखतात, डाव्या डोळ्याला कमी दिसते. तरी कुणाचा दाखला, कुणाचा अर्ज, कुणाची सून माहेरी निघून गेलेली, असे काहीतरी घेऊन माणसे त्यांच्याकडे येतच असतात. मध्यंतरी बापूही काठी टेकत आले होते, नातीच्या नोकरीसाठी. जुन्या विषयावर दोघे एक अक्षरही बोलले नाहीत. जाताना बापू इतकेच म्हणाले, “ताई, तब्येतले जपा.” गौरवग्रंथ निघतो आहे असे मी सांगितले तेव्हा ताई म्हणाल्या, “ग्रंथ राहू द्या. दोन दिवस कुणी येऊ नका म्हणावं. मला झोपायचंय.”

ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे चालते राहोत, डोळ्यांना अक्षर दिसत राहो, आणि दुपारी दार लावून स्वस्थ झोपण्याइतकी शांतता त्यांना मिळो. दार वाजले तर त्या उठून उघडणारच, हे आपण सगळे जाणतो. म्हणून विनंती त्यांना नाही, आपल्यालाच आहे: दार वाजवण्यापूर्वी थोडे थांबू या.